कर्जतडजोड मध्यस्थ (वऱ्हाड)

थकलेल्या कर्जदाराच्या वतीने बँकेशी, वित्तसंस्थेशी किंवा सावकाराशी बोलून देणे कमी करून देतो, असे सांगून मोबदला घेणारी व्यक्ती किंवा कंपनी. बोलण्यात ‘सेटलमेंटवाले’. शहरात हा धंदा क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज आणि मोबाइल अ‍ॅपवरील कर्ज यांच्याभोवती चालतो. अमरावती-अकोला भागात थकबाकीत पीककर्ज, ट्रॅक्टरचे कर्ज, मायक्रोफायनान्सचे आठवडी हप्ते आणि खासगी सावकारी हे सारे एकाच घरात एकत्र असते. त्यामुळे कोणाचे कर्ज कोण कमी करू शकतो, हा प्रश्न येथे अधिक गुंतागुंतीचा होतो.

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यातले, नागपूर महामार्गावरचे गुरुकुंज मोझरी हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये उभारलेल्या आश्रमाचे गाव. कर्जाच्या प्रश्नाशी त्याचे नाव अलीकडे पुन्हा जोडले गेले. शेतकऱ्यांची कर्जमाफी व दिव्यांगांचे मानधन या मागण्यांसाठी शेतकरी नेते बच्चू कडू यांनी ८ जून २०२५ पासून येथे अन्नत्याग आंदोलन केले. मंत्री उदय सामंत यांनी सरकारचे पत्र आणून दिल्यावर १४ जूनला ते थांबले. ऑक्टोबरअखेर नागपुरातील आंदोलनानंतर ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे राज्य सरकारने जाहीर केले आणि प्रवीणसिंह परदेशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे विषय सोपवला. आश्वासन आणि निर्णय यांमधला असा काळ मध्यस्थाला फार सोयीचा असतो. माफी येणार म्हणून हप्ता थांबतो, खाते थकीत होते, बँकेची नोटीस येते. नेमक्या त्याच आठवड्यात कोणीतरी फोन करून ‘तुमचे नाव यादीत बसवून देतो’ किंवा ‘चाळीस टक्क्यांत मिटवून देतो’ म्हणतो.

पूर्वपीठिका. तडजोड ही कल्पना वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख मध्य प्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना १९३३ चा कर्ज लवाद कायदा झाला. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचा भाव कोसळला होता आणि व्याजाच्या ओझ्याखाली जमिनी सावकारांकडे चालल्या होत्या. लवाद मंडळ ऋणको आणि धनको दोघांनाही समोर बसवी, हिशेब तपासे आणि मान्य झालेली रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा करार नोंदवून घेई. न्याय्य प्रस्ताव नाकारणाऱ्या सावकाराविरुद्ध मंडळ ऋणकोला प्रमाणपत्र देऊ शकत असे. मग त्या सावकाराला कोर्टात दाव्याचा खर्च मिळत नसे. मंडळाला कायद्याने अधिकार होता, धनको समोर हजर असे आणि सुटलेल्या रकमेत मंडळाचा वाटा नसे. आजची कंपनी तपासताना याच तीन गोष्टी विचाराव्यात. तिला अधिकार कोणाचा, धनको कुठे आहे आणि सुटलेल्या पैशात तिचा हिस्सा किती?

कामाची रीत. कंपनी सहसा चार गोष्टी सांगते: बँकेचे हप्ते थांबवा, बँकेचा फोन घेऊ नका, दरमहा ठरावीक रक्कम आम्ही सांगू त्या खात्यात भरा, आणि पुरेशी रक्कम साठली की आम्ही तडजोड करू. यातली पहिली गोष्टच शेतकऱ्याला सर्वांत महाग पडते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडलेले ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की ही सवलत जाते आणि पूर्ण व्याज अंगावर येते. खाते थकीत असेल तर पुढच्या खरिपाला सोसायटीचे ‘नवे-जुने’ही (जुने फेडून नवे कर्ज घेणे) होत नाही. मग बियाण्यासाठी सावकाराकडेच जावे लागते.

आकडे मांडून पाहिले की चित्र स्पष्ट होते. समजा, थकबाकी ३ लाख आहे. कंपनी म्हणते, ४० टक्क्यांत म्हणजे १ लाख २० हजारांत मिटवू; आमची फी एकूण थकबाकीच्या १५ टक्के. म्हणजे ४५ हजार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ८,१००, एकूण ५३,१००. कर्जदार दरमहा ६ हजार भरतो. फी आधी वळती होत असेल तर पहिले जवळजवळ नऊ महिने भरलेला पैसा फीतच जातो आणि बँकेसाठी काहीच साठत नाही. तडजोडीचे १ लाख २० हजार साठायला त्यानंतर आणखी वीस महिने लागतात. एवढ्या काळात १२ टक्के सरळ व्याजाने मूळ थकबाकी ३ लाख ८७ हजारांवर गेलेली असते. आणि ४० टक्क्यांना होकार देण्याचे बंधन बँकेवर कधीच नव्हते.

अमेरिकेत हा धंदा फार जुना आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये नियम केला की, फोनवरून सेवा विकणाऱ्या कंपनीने निदान एका कर्जाची तडजोड प्रत्यक्ष झाल्याशिवाय फी घ्यायची नाही. भारतात कर्जतडजोड कंपन्यांसाठी असा स्वतंत्र परवाना किंवा नियम नाही. म्हणून ‘आम्ही नोंदणीकृत आहोत’ या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. कंपनी कायद्याखालची नोंदणी आणि जीएसटी क्रमांक यांवरून कंपनी अस्तित्वात आहे, एवढेच कळते. बँकेशी तुमच्या वतीने काही ठरवण्याचा अधिकार त्यातून येत नाही. काही जण वकिलाचे लेटरहेड दाखवतात. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, जाहिरातही करता येत नाही. म्हणजे ‘वाचेल त्यातले वीस टक्के वकीलसाहेबांचे’ हा करारच वकिलाच्या नियमांत बसत नाही.

रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी याबाबत जाहीर इशारा दिला. काही मंडळी जाहिराती करून, सेवाशुल्क किंवा कायदेशीर शुल्क घेऊन, कसलाही अधिकार नसताना ‘कर्जमाफी प्रमाणपत्रे’ देत आहेत. त्यांच्या नादी लागू नये, असा त्याचा आशय होता. राज्याच्या २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत (दीड लाखापर्यंत) आणि २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत (दोन लाखांपर्यंत) रक्कम थेट कर्जखात्यात जमा झाली. मध्ये कोणत्याही कंपनीला काही काम नव्हते. यादीत नाव बसवून देण्याचे पैसे मागणारा म्हणूनच कोणत्याही कसोटीवर टिकत नाही.

खरी तडजोड कोण करतो. ज्याने कर्ज दिले तोच. राष्ट्रीयीकृत बँकेत तिला ‘ओटीएस’ (वन टाइम सेटलमेंट) म्हणतात, सहकारी बँकांत ‘एकरकमी परतफेड’ किंवा ‘सामोपचार योजना’. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या चौकटीनुसार प्रत्येक बँकेचे तडजोडीचे धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे लागते. तडजोडीनंतर त्याच बँकेकडून नवे कर्ज मिळायला किमान बारा महिने थांबावे लागते. शेतीकर्जासाठी मात्र हा काळ बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे ठरतो. शेतकऱ्याने शाखेत जाऊन हे जरूर विचारावे, कारण पुढच्या हंगामाचे कर्ज त्यावर अवलंबून असते. अर्ज करायला कोणी मध्यस्थ लागत नाही. सोसायटीचे कर्ज असेल तर गटसचिव, जिल्हा मध्यवर्ती बँकेचे असेल तर शाखाधिकारी, इतके पुरते. उत्पन्न बुडाल्याचे कारण, सातबारा, पीकविमा मिळाला की नाही याचा कागद आणि किती रक्कम किती दिवसांत देऊ शकता, हे साध्या मराठी अर्जात लिहून पोच घ्यावी. पोच देताना खळखळ झाली तर रजिस्टर पोस्टाने पाठवावा.

बँकेचे तडजोडपत्र कसे असते, हे एकदा पाहिलेले बरे. ते बँकेच्या लेटरहेडवर असते, त्यावर जावक क्रमांक व तारीख असते. कर्जखात्याचा क्रमांक, मुद्दल, व्याज, सोडलेली रक्कम, भरायची रक्कम, शेवटची तारीख आणि तारीख चुकल्यास काय होईल, हे सारे त्यात लिहिलेले असते. खाली अधिकृत अधिकाऱ्याची सही व शिक्का. रक्कम फक्त कर्जखात्यात भरायची असते, कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर नव्हे. मध्यस्थाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले पत्र शाखेत नेऊन जावक नोंदवहीशी ताडून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

तडजोड पुरी झाली तरी काम संपत नाही. बेबाकी प्रमाणपत्र घ्यावे लागते. बँकेच्या पत्रावरून फेरफार होऊन सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा उतरला की नाही, हे नवा उतारा काढून पाहावे लागते. पैसे भरूनही बोजा तसाच राहिला तर नवे कर्ज अडते. गहाण कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर किंवा तडजोडीनंतर ३० दिवसांत परत करणे रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतील संस्थांना बंधनकारक आहे. त्यांच्याकडून उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते (१ डिसेंबर २०२३ पासून). आणि सिबिलच्या पतअहवालात खाते ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ दिसते. पुढे कर्ज देणारा ते पाहतो. मध्यस्थ हे बहुधा सांगत नाही. आधीच सांगणारा मात्र निदान या एका बाबतीत प्रामाणिक समजावा.

भीती हे या धंद्याचे मोठे भांडवल आहे. ‘बँक शेत जप्त करेल’ असे सांगून सही घेतली जाते. प्रत्यक्षात, कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही. सहकारी संस्थेला सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घ्यावा लागतो आणि त्या कामात कर्जदाराला म्हणणे मांडता येते. बँकांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. या गोष्टी ठाऊक असलेला माणूस घाईत सही करत नाही.

सावकाराशी तडजोड. येथे मध्यस्थ अधिक घातक ठरतो, कारण धनको आणि मध्यस्थ एकमेकांच्या ओळखीचे असू शकतात. ‘हिशेब मिटवून टाकू’ म्हणत कोरा स्टँपपेपर, कोरे धनादेश, मुखत्यारपत्र आणि शेवटी शेताचे खरेदीखत अशी पायरी चढत जाते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के यांहून अधिक व्याज घेता येत नाही. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ. असे व्याज गावोगाव घेतले जाते, म्हणून ते कायदेशीर होत नाही. कर्जापोटी बळकावलेली जमीन, तो व्यवहार १५ वर्षांच्या आतील असेल तर, कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करून परत मागता येते. अमरावती, अकोला व शेजारच्या जिल्ह्यांसाठी हे कलम सर्वांत मोलाचे आहे, तरी अनेक घरांत त्याचे नावही पोहोचलेले नाही. ग्रामसभेत ते दरवर्षी वाचले जायला हवे.

पारख. विश्वास ठेवावा की नाही, याचा निर्णय कंपनीच्या गोड बोलण्यावर किंवा चकचकीत कार्यालयावर करू नये. काम होण्याआधी फी मागणारी, हप्ते थांबवा म्हणणारी, बँकेशी बोलू नका म्हणणारी, सातबाराचे मूळ कागद, आधार-ओटीपी किंवा मुखत्यारपत्र मागणारी, किंवा ठरावीक टक्क्यांची हमी देणारी कंपनी यांपैकी कोणत्याही एका कारणासाठी नाकारण्याजोगी आहे. उलट, जी फी लेखी सांगते, ती बँकेचे पत्र आल्यानंतरच घेते, तुम्हाला शाखेत बरोबर नेते आणि सिबिलवरचा परिणाम आधी सांगते, तिच्याशी बोलायला हरकत नाही. मात्र तीच कामे फुकट करून देणारी दारे उघडी असताना तिची गरज किती, हेही पाहावे.

ही दारे अशी: बँकेने ३० दिवसांत तक्रारीचे निवारण न केल्यास रिझर्व्ह बँकेची २०२१ मध्ये सुरू झालेली एकात्मिक लोकपाल योजना, बेकायदा ठेवी व फसव्या योजनांसाठी ‘सचेत’ पोर्टल, ऑनलाइन पैसे गेल्यास ताबडतोब १९३० हा क्रमांक, सावकारीसाठी उपनिबंधक कार्यालय. कर्जाच्या वादासाठी सर्वांत उपयोगी पडते ती लोकअदालत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली दावा दाखल होण्यापूर्वीही तेथे बँकेबरोबर बसता येते, शुल्क लागत नाही, आधी भरलेले न्यायशुल्क परत मिळते, तडजोडीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्नाच्या कर्जदारांना वकीलही मोफत मिळतो. मोझरीच्या माणसासाठी लोकअदालत आणि मोफत वकील हे दोन्ही अमरावतीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उपलब्ध आहे. कोणत्याही कंपनीला पहिला रुपया देण्यापूर्वी तेथे एकदा जावे.