आरती साहांची खाडी

एस्प्लनेडहून श्यामबाजारला जाणारी पाच नंबरची ट्राम वाटेत दोन तळी दाखवते. आधी कॉलेज स्क्वेअर, मग हेदुआ. दोन्हींत पोहण्याचे क्लब आहेत. त्याच ट्राममध्ये बसून मी आरती साहांवरच्या एका बंगाली लेखाचा अनुवाद तपासत होते आणि एका शब्दावर अडले होते.

बंगालीत सरळ 'इंग्लिश चॅनेल' म्हणतात. आपली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं 'इंग्लिश खाडी' लिहीत आली. मला तो शब्द खटकायचा. खाडी म्हटली की डोळ्यांसमोर ठाणे, वसई येते. पलीकडचा काठ दिसतो. इथे दोन किनाऱ्यांत सरळ रेषेत 33 किलोमीटर गार पाणी! म्हणून मी 'सामुद्रधुनी' लिहिलं होतं. भूगोलाच्या पुस्तकाला शोभेल असं.

आरतीचा जन्म 24 सप्टेंबर 1940चा. आई लहानपणीच गेली, उत्तर कोलकात्यात आजीने वाढवलं. चार वर्षांची असताना काकांबरोबर चांपातला घाटावर अंघोळीला जायची, तिथेच हातपाय मारायला शिकली. वडिलांनी हाटखोला क्लबात घातलं. तिला हेरलं सचिन नाग यांनी. 1951च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर मीटर फ्रीस्टाइल जिंकून भारताला या स्पर्धांतलं पहिलं सुवर्ण मिळवून देणारे हेच. 1952ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या चार भारतीय मुलींत ती सर्वांत लहान, बारा वर्षंही पूर्ण नव्हती. सोबत मुंबईची डॉली नझीर होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं ते 29 सप्टेंबर 1959. त्याआधीचा 27 ऑगस्ट मात्र ओझरता येतो. बटलिन स्पर्धेसाठी तिचं नाव ढाक्याच्या ब्रोजेन दासांनी सुचवलं होतं; ते स्वतः आदल्या वर्षी पार झाले होते. त्या दिवशी तिची मार्गदर्शक बोट सुमारे चाळीस मिनिटं उशिरा आली. तळ्यात चाळीस मिनिटं म्हणजे चाळीसच मिनिटं. तिथे तेवढ्यात पाण्याचा ओढ बदलतो. इंग्लंडचा किनारा काही मैलांवर आलेला असताना उलटा प्रवाह लागला आणि तिला बोटीत यावं लागलं. आलेखात ही ओळ 'अपयश' या एका शब्दात आटोपलेली असते, याचा मला राग येतो. हरली ती पोहण्यात नव्हे, वेळेत, आणि ती वेळही तिच्या हातातली नव्हती.

महिन्याभराने ती केप ग्री नेहून पुन्हा उतरली. पाच दिवसांपूर्वीच एकोणीस पूर्ण झालेली. 16 तास 20 मिनिटांनी सँडगेटला लागली. प्रवाहाने वळवल्यामुळे पोहलेलं अंतर 42 मैल भरलं, असं नोंदलं आहे. चॅनेल पार करणारी ती पहिली आशियाई स्त्री. 1960ला पद्मश्री मिळाली. हा मान मिळालेली ती पहिली भारतीय महिला खेळाडू. 1994मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, ती गेली.

ट्राम हेदुआपाशी थांबली तेव्हा लक्षात आलं, की चांपातला घाट म्हणजे हुगळी, आणि कोलकात्याच्या हुगळीला जोयार-भाटा असतो. समुद्र जिथे नदीत शिरतो आणि परततो, तिला आपल्याकडे काय म्हणतात? चार वर्षांची आरती तळ्यात नव्हे, खाडीतच पोहायला शिकली होती. पेन काढून 'सामुद्रधुनी' खोडलं, वर 'खाडी' लिहिलं.