शब्दवेध : खुळखुळा

पावसाळा सरून सह्याद्रीच्या उतारांवरील गवत पिवळे पडू लागले, म्हणजे शिंबावंत कुलातील एका पिवळ्या फुलांच्या रानझुडपाच्या फुगीर शेंगा वाळतात, आतील बिया सालीपासून सुटतात, आणि वाटसरूचा पाय नुसता लागला तरी जो नाद उमटतो, त्यावरून लोकांनी त्यास ‘खुळखुळा’ अथवा ‘घागरी’ हे नाव बहाल केले. संस्कृत निघंटूंनीही तोच ध्वनी ग्राह्य मानून ‘घण्टारवा’ ही संज्ञा योजली; आणि १७५३ साली लिनियसने आपल्या ग्रंथात ही प्रजाती ‘क्रोटालेरिया’ या नावाने दाखल केली, तेव्हा त्या नावाचे मूळही ग्रीक ‘क्रोतालोन’, म्हणजे चिपळ्यांसारखे हातात वाजवावयाचे वाद्य, हेच होते. शेपूट खुळखुळविणाऱ्या अमेरिकी विषारी सर्पाचे ‘क्रोटालस’ हे नाव याच धातूतले.

निघंटूंतील दुसरे नाव ‘शणपुष्पी’, म्हणजे शणासारख्या फुलांची. शण, मराठीतील सण अथवा ताग, शेतकऱ्यास सुतळी आणि हिरवळीचे खत पुरविणारा, हाही याच प्रजातीचा. तेव्हा आधुनिक शास्त्राने जे नाते निश्चित केले, त्याची नोंद प्राचीनांच्या दप्तरी आधीच रुजू होती.

लोकांचा कान आणि पंडितांची दृष्टी यांची अशी एकवाक्यता विरळा. म्हणून वनस्पतीची शास्त्रीय ओळख शिकविताना तिचे गावरान नाव तितक्याच आदराने टिपून ठेवणे, हे मी अभ्यासकाचे कर्तव्य मानतो.