५६ दिवसांची हद्दपारी

३१ मार्च १९५० च्या रात्री डॉ. नारायण भास्कर खरे यांच्यावर दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश बजावला गेला. दिल्ली जिल्हा ताबडतोब सोडावा, परत येऊ नये. मुदत तीन महिने. नागपुरातच राहावे, असा दुसरा आदेशही निघाला होता. तो पुढे मागे घेतला गेला. राज्यघटना लागू होऊन तेव्हा ६४ दिवस झाले होते. खरे १९३७-३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान होते. १९५० मध्ये ते हिंदू महासभेचे अध्यक्ष होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या छापील निकालात या आदेशाचा तपशील टिकून आहे. दोन्ही बंगालांतील घटनांमुळे दिल्लीत मने तापली आहेत, अशा वेळी तुमची उपस्थिती शांततेला बाधक ठरेल, असे त्यात कारण दिले होते. आधार होता पूर्व पंजाब सार्वजनिक सुरक्षा कायदा, १९४९, कलम ४. आरोपपत्र नव्हते, साक्षीदार नव्हता, तारीख नव्हती. अधिकाऱ्याचे समाधान झाले, एवढे पुरेसे होते.

अशी कारवाई दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करता आली असती का? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५२६ होते. निःपक्ष सुनावणीबद्दल शंका असेल तर उच्च न्यायालय खटला एका न्यायालयातून दुसऱ्याकडे देऊ शकत असे. पण त्यासाठी आधी खटला लागतो. इथे ‘दंडाधिकारी’ हे नाव न्यायालयाचे असले तरी काम प्रशासनाचे होते. वर्ग करायला काही नव्हतेच. म्हणून खरे यांनी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

निकाल २६ मे १९५० ला लागला. सरन्यायाधीश कानिया, न्यायमूर्ती फझल अली आणि पतंजली शास्त्री यांनी कायदा वैध ठरवला; हा कायदाच १४ ऑगस्ट १९५१ पर्यंतचा आहे, हेही त्यांनी विचारात घेतले. न्यायमूर्ती महाजन आणि मुखर्जी यांचे मत वेगळे पडले. एका अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत समाधानावर नागरिकाचा संचार रोखणे हे वाजवी बंधन होत नाही, असे त्यांना वाटले. अर्ज फेटाळला गेला तेव्हा हद्दपारीचे ५६ दिवस सरले होते. उरले होते सुमारे पाच आठवडे. न्यायालय लवकर बसले, तरी मुदतीचा मोठा भाग निघून गेला होता.

त्याच दिवशी रमेश थापर यांच्या मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावरील मद्रास सरकारच्या बंदीचाही निकाल लागला. आधी उच्च न्यायालयात जा, हा त्या सरकारचा आक्षेप न्यायालयाने नाकारला. अनुच्छेद ३२ हा स्वतःच मूलभूत हक्क असल्याने कोणत्या दारात जायचे हे नागरिकाने ठरवायचे, एवढे तरी त्या दिवशी पक्के झाले.

पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १३९-अ आला. उच्च न्यायालयांतली प्रकरणे स्वतःकडे घेण्याचा किंवा एका उच्च न्यायालयातून दुसऱ्याकडे देण्याचा अधिकार त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला मिळाला. मात्र तोही न्यायालयात पोहोचलेल्या प्रकरणांपुरताच.

आज अमरावतीजवळच्या वलगाव पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला तडीपार करायचे असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमे ५५ ते ५७ लागतात. कलम ५९ प्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. अपील राज्य सरकारकडे, ३० दिवसांत. उच्च न्यायालयात रिट याचिकेची वाट मोकळी. मनाई मोडून तो गावी परतला, की कलम १४२ खाली गुन्हा होतो. तेव्हा कुठे फौजदारी खटला उभा राहतो आणि तो वर्ग करून मागता येतो. माणसाचे घर मात्र त्याआधीच सुटलेले असते. म्हणून कलम ५९ ची ती नोटीस हाती पडली, की दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे जावे. बाजू मांडायची खरी वेळ तीच.