परीक्षकांची परीक्षा

गोंदिया जिल्ह्यातील कोहमाऱ्याच्या परिसरातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. दीर्घकाळ महाविद्यालयांची तपासणी विद्यापीठाच्याच समित्यांकडे होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर स्वतंत्र मूल्यमापनाची निकड मान्य झाली आणि १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगळुरूत ‘नॅक’ स्थापन केली.

पण परीक्षकाची परीक्षा कोणी घ्यायची? नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष भूषण पटवर्धन यांनी स्वतंत्र चौकशीची मागणी करून मार्च २०२३ मध्ये पद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचेच्या प्रकरणात सीबीआयने तपासणी पथकातील सदस्यांना अटक केली.

दोष केवळ त्यांचा नव्हे. समिती येणार म्हणून भिंती रंगवणारे आणि फायली सजवणारे आपणच असतो. वर्गातील अध्यापनाला मात्र ती श्रेणी क्वचितच स्पर्श करते.