चॅपलचे भूत : मुद्रणव्यवसायातील नवागत-स्वागताच्या प्रथा

नव्या माणसाला कामाच्या ठिकाणी सामावून घेण्यासाठी खेळ, थट्टा आणि मेजवानी यांचा आश्रय घेण्याची पद्धत अलीकडची आहे, असा एक समज रूढ आहे. आजच्या कचेऱ्यांत नवागताच्या पहिल्या दिवशी ओळखीचे खेळ योजले जातात. त्यांची सूत्रे व्यवस्थापनाच्या हाती असल्यामुळे ती व्यवस्थापनशास्त्राचीच निर्मिती होय, असे सहज मानले जाते. वस्तुतः युरोपातील कारागिरांमध्ये अशा प्रथा कितीतरी पूर्वीपासून होत्या. आणि मुद्रणव्यवसायातील प्रथांची तर तपशीलवार लिखित साधने सतराव्या शतकापासून उपलब्ध आहेत. मुद्रक हा लिहितावाचता वर्ग असल्यामुळे आपल्या चालीरीतींची नोंद त्याच्याच हातून झाली. या साधनांचे परीक्षण करू लागताच लक्षात येते की, खेळ कोणता यापेक्षा खेळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

या विषयाचे सर्वांत व्यवस्थित इंग्रजी साधन म्हणजे जोसेफ मॉक्सन याच्या ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ या ग्रंथाचा १६८३-८४ मध्ये प्रसिद्ध झालेला मुद्रणविषयक खंड होय. मॉक्सन हा स्वतः मुद्रक, नकाशे व पृथ्वीगोल तयार करणारा आणि १६७८ पासून रॉयल सोसायटीचा सदस्य होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक छापखान्याला फार पूर्वीपासून ‘चॅपल’ म्हणजे प्रार्थनागृह म्हणत. तेथील सर्व कामगार चॅपलचे घटक असत आणि त्यांतील सर्वांत जुना पूर्णाधिकारी कारागीर ‘चॅपलचा पिता’ म्हणून ओळखला जाई. नव्याने कामावर येणाऱ्या प्रत्येक कामगाराला अर्धा क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंग, चॅपलकडे भरावे लागत. या रकमेला ‘बेनव्हेन्यू’ असे नाव होते. फ्रेंच भाषेतील स्वागतवाचक शब्दाचेच हे रूप होय. म्हणजे स्वागत नवागताचे होई, परंतु त्याचा खर्चही नवागतच सोशी. ही रक्कम न देणारा चॅपलचा घटक मानला जात नसे व चॅपलच्या सामायिक पैशातही त्याला वाटा नसे. पूर्वी त्याच छापखान्यात काम करून गेलेला माणूस परत आला, तर त्याला निम्मी रक्कम पुरे होई.

चॅपलचा हा व्यवहार केवळ प्रवेशापुरता नव्हता. कामगाराचे लग्न झाले की त्याने अर्धा क्राऊन द्यावा. त्याची पत्नी प्रथम छापखान्यात आली की तिने सहा पेन्स द्यावेत आणि मग सर्व कामगारांनी प्रत्येकी दोन पेन्स काढून तिचे स्वागत करावे. मुलगा झाल्यास एक शिलिंग आणि मुलगी झाल्यास सहा पेन्स द्यावेत, असे नियम मॉक्सनने नोंदले आहेत. शिव्या देणे, मारामारी करणे, रात्री मेणबत्ती जळती ठेवून जाणे, खिळे जुळवण्याची स्टिक हातातून पडू देणे अशा आगळिकींसाठी दंड असे. त्याला ‘सॉलेस’ म्हणजे सांत्वन असे उपरोधिक नाव होते. दोष कोणाचा हे बहुमताने ठरे आणि चॅपलच्या हातून चूक होऊच शकत नाही, असे सूत्र मानले जाई. दंड नाकारणाऱ्यास दुरुस्तीच्या दगडी ओट्यावर पालथे घालून कागदाच्या फळीने अकरा फटके मारीत.

थट्टेचाही या दंडविधानात अंतर्भाव होता. कोणी परका माणूस येऊन जुळाऱ्याला ‘समुद्रावरील अमुक गॅलीची काही खबर आहे काय?’ असे विचारू लागला, तर त्याला दंड होई. गॅली म्हणजे वल्ह्यांचे जहाज. पण छापखान्यात जुळवलेला मजकूर ठेवण्याच्या तबकालाही गॅलीच म्हणतात. श्लेष न कळणारा भोळा माणूस प्रश्न विचारी आणि सापळ्यात सापडे. अशा माणसांना बहुधा चॅपलच्या चाली ठाऊक असणारा कोणीतरी मुद्दाम पाठवी, हेही मॉक्सन सांगतो. व्यवसायाची परिभाषा ज्याला येते तो आतला व ज्याला येत नाही तो बाहेरचा, ही सीमारेषा या विनोदातून आखली जात होती.

या व्यवस्थेचा प्रत्यक्ष अनुभव बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात नोंदला आहे. १७२४ च्या अखेरीस तो लंडनला पोहोचला. एका छापखान्यात सुमारे वर्षभर काम केल्यावर तो लिंकन्स इन फील्ड्सजवळील वॉट्स यांच्या मोठ्या छापखान्यात लागला. प्रथम तो खालच्या दालनात छपाईयंत्रावर काम करी व तेथील स्वागतशुल्क त्याने भरले होते. काही आठवड्यांनी मालकाने त्याला जुळाऱ्यांच्या दालनात नेले. तेथील कामगारांनी मद्यपानासाठी पुन्हा पाच शिलिंग मागितले. एकदा दिलेले शुल्क पुन्हा देणे फ्रँकलिनला अन्याय्य वाटले. मालकाचेही तेच मत पडले आणि त्याने पैसे देण्यास मनाई केली.

पुढील दोनतीन आठवडे फ्रँकलिन बहिष्कृतासारखा राहिला. तो क्षणभर दालनाबाहेर गेला की त्याच्या पेटीतील खिळे मिसळले जात, पृष्ठांची उलटापालट होई, जुळवलेला मजकूर मोडून पडे. हे कोणी केले असे विचारता, ते चॅपलच्या भुताचे कृत्य होय. रीतसर प्रवेश न घेतलेल्यांना ते भूत छळतेच, असे उत्तर मिळे. मालकाचे संरक्षण असूनही अखेर फ्रँकलिनने पैसे भरले. ज्यांच्या सहवासात नित्य राहावयाचे त्यांच्याशी वैर धरणे मूर्खपणाचे, असा निष्कर्ष त्याने काढला आहे.

या प्रसंगाचा नेहमी केवळ गमतीदार आख्यायिका म्हणून उल्लेख होतो; परंतु त्यात अधिकाराचा एक गंभीर वाद दडलेला आहे. माणसाला कामावर घेणे मालकाच्या हाती होते. त्याला आपल्यात घेणे मात्र मालकाच्या हाती नव्हते. वॉट्स यांची मनाई दालनाच्या उंबरठ्याशीच निष्प्रभ ठरली. याचे कारण कामाच्या स्वरूपातच होते. जुळाऱ्याचे दिवसभराचे श्रम सुट्या खिळ्यांच्या रूपाने मेजावर उघडे पडलेले असत. शेजाऱ्याच्या बोटाचा एक धक्का त्यांचा नाश करण्यास पुरेसा होता. परस्परविश्वासावाचून असे काम चालू शकत नाही, आणि तो विश्वास देण्याचे वा नाकारण्याचे सामर्थ्य केवळ सहकाऱ्यांपाशी असते. भुताची कल्पना या सामर्थ्याला मोठी सोयीची होती. कारण भुतावर फिर्याद करता येत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे पैसे भरल्यानंतर काय घडले. फ्रँकलिनने लवकरच चॅपलच्या नियमांत काही फेरबदल सुचवले आणि विरोध असतानाही ते संमत करून घेतले. सकाळच्या बिअरऐवजी गरम पेज घेण्याची सवय त्याने अनेक सहकाऱ्यांना लावली. काही दिवसांपूर्वी जो माणूस चॅपलच्या नियमाविरुद्ध उभा होता, त्यालाच आता ते नियम बदलण्याचा अधिकार होता. पाच शिलिंगांच्या मोबदल्यात त्याला केवळ शांतता मिळाली नाही, मत मिळाले.

फ्रान्स व जर्मनी येथील प्रथांतूनही हेच तत्त्व दिसते. निकोला कोंता या मुद्रकाने १७६२ च्या आपल्या हस्तलिखितात पॅरिसमधील सें-सेव्हरँ मार्गावरील एका छापखान्याचे चित्रण केले आहे. रॉबर्ट डार्न्टन यांच्या १९८४ मधील ‘द ग्रेट कॅट मॅसॅकर’ या ग्रंथामुळे ते सर्वपरिचित झाले. त्यात जेरोम या उमेदवाराला कामगारांनी एप्रन बांधण्याचा समारंभ आणि त्यानिमित्तची मेजवानी वर्णिली आहे. उमेदवारी संपल्यावर जेरोम रीतसर कारागीर ठरतो आणि त्याला ‘मस्य’ ही आदरार्थी उपाधी प्राप्त होते. जर्मनीत उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुणाला ‘कॉर्नुट’ म्हणजे शिंगे असलेला म्हणत. लाकडी अवजारांनी त्याची शिंगे उतरवण्याचे नाट्य झाल्यावरच तो पूर्ण कारागीर ठरे. हा विधी विद्यापीठांतील नव्या विद्यार्थ्यांच्या तशाच विधीवरून घेतलेला होता. १७३१ च्या साम्राज्याच्या कारागीरविषयक अध्यादेशाने विविध धंद्यांतील असले विधी निषिद्ध ठरवले. तथापि नवशिक्या मुद्रकाला ओल्या स्पंजावर बसवून पाण्याच्या पिंपात बुडवण्याची ‘गाउचेन’ ही प्रथा टिकून राहिली. हा शब्द कागदनिर्मितीतील आहे; ओला ताव लोकरी कापडावर उतरवण्याच्या क्रियेला तो लावतात. बुडवलेल्याला प्रमाणपत्र दिले जाते, आणि माइन्झ येथे गुटेनबर्गच्या स्मरणार्थ होणाऱ्या योहानिस उत्सवात हा विधी जाहीर रीतीने होतो.

या प्रथांचे उदात्तीकरण करणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. सॉलेसचे फटके एकदा इतके निर्दयपणे मारले गेले की त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला, अशी परंपरागत वार्ता स्वतः मॉक्सननेच दिली आहे. चॅपलच्या नियमांत स्त्री येते ती कामगाराची पत्नी म्हणून. आणि मुलीच्या जन्माचे मोल मुलाच्या निम्मे धरलेले आहे. स्वागत आणि छळ यांतील अंतर किती थोडे असते, हे विद्यापीठीय वर्गाला निराळे सांगणे नको. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ मध्ये करावा लागला. साधनांच्याही मर्यादा आहेत. फ्रँकलिनने आत्मचरित्राचा हा भाग १७७१ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी लिहिला. आणि कोंताच्या लेखनात अनुभव व रचित कथा यांची सरमिसळ आहे. तरीही तीन देशांतील परस्परस्वतंत्र साधने एकाच दिशेने बोट दाखवतात, हे दुर्लक्षिता येत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास या क्षेत्रात निराळाच प्रवाह सुरू झाला. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात समूहव्यवहाराचे प्रयोग केले. १९४७ च्या आरंभी लेविन यांचे निधन झाले. परंतु त्याच वर्षी मेन राज्यातील बेथेल येथे नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीचे पहिले शिबिर भरले. अपरिचितांनी एकत्र बसून मोकळेपणाने बोलावे यासाठी योजलेले उपक्रम तेथून उद्योगसंस्थांच्या प्रशिक्षणात शिरले. १९६९ पासून फायफर व जोन्स यांनी अशा उपक्रमांचे संग्रह क्रमशः प्रसिद्ध केले, तेव्हा ओळखीचा खेळ ही कोणत्याही संस्थेने पुस्तकातून उचलून वापरावी अशी वस्तू बनली. आजच्या कचेरीतील खेळांच्या वंशावळीत हा प्रवाह चॅपलपेक्षा कितीतरी निकटचा आहे.

दोहोंची तुलना केल्यास लाभहानीचा हिशेब स्पष्ट होतो. नव्या पद्धतीत नवागताला खिसा रिकामा करावा लागत नाही, फटके खावे लागत नाहीत, पाण्यात बुडावे लागत नाही. ही प्रगती निःसंशय होय. परंतु खेळ आखणारा आता सहकारी नसून नियोक्ता आहे, आणि खेळ संपल्यावर नवागताच्या हाती कोणताही नवा अधिकार येत नाही. तो सर्वांना नावाने ओळखू लागतो. पण ज्या मंडळात तो बसला त्या मंडळाचे स्वतःचे नियम नाहीत, निधी नाही आणि मतही नाही. जुन्या व्यवस्थेचा हा अर्धा भाग दुसरीकडे जिवंत राहिला. ब्रिटनमधील मुद्रकांच्या कामगारसंघटनांनी आपल्या शाखांना चॅपल हेच नाव ठेवले, आणि तेथील पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेत कार्यालयातील प्रतिनिधीला आजही चॅपलचा पिता किंवा चॅपलची माता असेच संबोधतात.

तात्पर्य, एकेकाळी एकाच संस्थेत नांदणाऱ्या दोन गोष्टींची फारकत झाली: खेळ व्यवस्थापनाकडे गेला आणि हक्क संघटनेकडे. वॉट्स यांच्या छापखान्यात फ्रँकलिनचे खिळे मिसळणाऱ्या हातांनी त्याला छळले खरे. परंतु प्रवेश देण्याचा अधिकार आपला आहे, हेही त्याच हातांनी सिद्ध केले. कार्यस्थळावरील स्वागतप्रथांचा इतिहास लिहिताना खेळांची यादी करून थांबणे म्हणूनच पुरेसे नाही. त्या खेळानंतर नवागताला काय मिळाले आणि ते कोणी दिले, याची नोंद झाल्याशिवाय तो इतिहास पूर्ण होणार नाही.