व्हायकिंगांचीं लांब जहाजें व मुलांच्या हातच्या प्रतिकृति

नॉर्वे देशाच्या दक्षिणेस सांडेफ्यूर गांवाजवळ गोक्स्टाड नांवाची एक शेतवाडी आहे. तेथील एका मोठ्या टेकाडास लोक ‘राजाची टेकडी’ म्हणत आणि तिच्या पोटांत द्रव्य पुरलें आहे अशी दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. १८८० सालच्या आरंभीं, जमीन अद्यापि थंडीनें गोठलेली असतां, शेताच्या मालकाच्या मुलांनीं कुतूहलानें तेथें कुदळ चालविली. द्रव्य हातीं लागलें नाहीं. लागली ती एका जहाजाची नाळ. ही वार्ता कळतांच निकोलाय निकोलायसेन ह्या पुराणवस्तुसंशोधकानें तें खोदकाम थांबविलें व पुढें स्वतःच्या देखरेखीखालीं तें पद्धतशीरपणें पुरें केलें. चिकणमातीच्या आवरणामुळें सुमारें हजार वर्षें टिकून राहिलेलें एक संबंध जहाज त्या टेकडींतून बाहेर आलें. इतिहासांतील एका मोठ्या शोधाचा आरंभ असा मुलांच्या हातून झाला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

गोक्स्टाडचें जहाज सुमारें २३ मीटर लांब व ५ मीटर रुंद असून तें ओक वृक्षाच्या लांकडाचें आहे. त्याची बांधणी इ. स. ८९० च्या सुमाराची मानतात. दोन्ही बाजूंस मिळून ३२ वल्हीं, एक डोलकाठी, आणि कडेस लावलेल्या ६४ ढाली, एक पिवळी तर दुसरी काळी, असा त्याचा थाट होता. आंत एका पुरुषाचा सांगाडा होता. म्हणजे ज्या जहाजानें समुद्र आक्रमिला, तेंच त्या श्रीमंत पुरुषाचें अखेरचें शयनमंदिर झालें. पुढें १९०४ मध्यें ओसेबर्ग येथें दुसरें जहाज उकरून काढण्यांत आलें. त्यांत दोन स्त्रियांना मूठमाती दिलेली होती, आणि त्याच्या नाळेवरील कोरीव काम पाहून आजही कारागीर थक्क होतात.

ह्या जहाजांचे धनी म्हणजे स्कँडिनेव्हियांतील व्हायकिंग. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न येथील मठावर त्यांनीं ७९३ मध्यें घाला घातला, आणि तेव्हांपासून युरोपच्या बखरींत त्यांचें नांव भीतीनें लिहिलें जाऊं लागलें. ८४५ मध्यें सीन नदींतून वर चढून ते पॅरिसपर्यंत पोंचले. ह्या बखरी लिहिणारे बहुधा धर्मोपदेशक होते. म्हणजे ज्यांचे मठ लुटले गेले तेच इतिहासकार झाले. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. व्हायकिंगांनीं गांवें जाळलीं, माणसें धरून नेलीं व गुलाम म्हणून विकलीं. परंतु त्याच लोकांनीं व्यापारी पेठा वसविल्या, आइसलंड व ग्रीनलंड येथें वसाहती केल्या, आणि कोलंबसाच्या आधीं सुमारें पांचशें वर्षें अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेविलें. न्यूफाउंडलंड बेटावर लांस ओ मेडोज येथें त्यांच्या वस्तीचे अवशेष १९६० मध्यें सांपडले. तेथील कांहीं लांकडें १०२१ सालीं तोडलेलीं होतीं, हें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें ठरविलें. एकाच जातीच्या हातून क्रौर्य व साहस हीं दोन्हीं घडलीं. त्या दोहोंचें साधन एकच, तें म्हणजे जहाज. म्हणून व्हायकिंगांना समजून घेण्याची वाट त्यांच्या तलवारीकडून जात नाहीं. ती त्यांच्या सुताराच्या कुऱ्हाडीकडून जाते.

हा सुतार करवत वापरीत नसे. ओकचा बुंधा तो पाचरी ठोकून उभा चिरी, नंतर त्या फांकांचे पुन्हां भाग करी, आणि कुऱ्हाडीनें तासून पातळ फळ्या काढी. अशा रीतीनें फळी लांकडाच्या धाग्यांच्या वळणानेंच फाटते. धागे मध्येंच तुटत नाहींत. पतंगाच्या किंवा आकाशकंदिलाच्या कामट्या करण्यासाठीं बांबू चिरणाऱ्या मुलास ह्यांतील मर्म सहज कळेल. चिरलेली कामटी वांकते. आडवी कापलेली चटकन मोडते. गोक्स्टाडच्या जहाजाच्या बहुतेक फळ्यांची जाडी अवघी अडीच सेंटिमीटरच्या आसपास आहे. घरावर कौलें बसवितात त्याप्रमाणें वरच्या फळीचा कांठ खालच्या फळीवर बाहेरून चढवीत, लोखंडी रिव्हेटांनीं दोहोंस जखडीत आणि मधल्या सांध्यांत डांबरांत भिजविलेली लोकर भरीत. कोंकणांतील नावाडी ज्यास ‘पठाण’ म्हणतात त्या तळाच्या लांकडापासून आरंभ करून आधीं ही बाहेरची काया रचीत, आणि आंतील वांक मागाहून बसवीत. गोक्स्टाडच्या जहाजांत पाण्याखालच्या फळ्या त्या वांकांना ठोकलेल्या नाहींत, झाडांच्या चिवट मुळ्यांनीं बांधलेल्या आहेत. सुकाणूं मागें मध्यभागीं नसे. उजव्या कुशीस एक रुंद वल्हें बांधीत. जहाजाच्या उजव्या बाजूस इंग्रज खलाशी अजूनही ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, त्या शब्दाचा उगम ह्या सुकाणूंत आहे.

इतक्या पातळ फळ्यांचें जहाज महासागरांत तग धरील काय, अशी शंका अनेकांस होती. तिचें उत्तर १८९३ सालीं मिळालें. त्या वर्षीं शिकागो येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठीं नॉर्वेजियन लोकांनीं गोक्स्टाडच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृति बांधली व माग्नुस आंडरसन ह्या कप्तानानें ती बर्गन बंदरांतून हांकारून २८ दिवसांत न्यूफाउंडलंडला पोंचविली. लाटांच्या मारानें जहाजाचे कांठ पिळवटत, तळ खालींवर होई, तरी तें भक्कम राहिलें, असा त्याचा अनुभव होता. लाटेशीं झुंजण्याऐवजीं लाटेबरोबर वांकणें हेंच त्याचें बळ ठरलें. ज्या प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत त्याच वर्षीं स्वामी विवेकानंदांची वाणी दुमदुमली, त्याच प्रदर्शनांत हें जहाजही पाहणाऱ्यांचें आकर्षण झालें होतें.

ह्यापुढील मोठें पाऊल डेन्मार्कमध्यें पडलें. रोस्किल्ड खाडींत स्कुल्डेलेव्ह गांवानजीक शत्रूची वाट अडविण्यासाठीं अकराव्या शतकांत बुडविलेलीं पांच जहाजें १९६२ सालीं बाहेर काढण्यांत आलीं. त्यांपैकीं सर्वांत मोठें, सुमारें ३० मीटर लांबीचें युद्धनौकेचें धूड, १०४२ सालीं आयर्लंडांत डब्लिननजीक बांधलेलें होतें. लांकडांतील वर्षवलयें मोजून हें उलगडलें. रोस्किल्डच्या संग्रहालयानें जुन्या हत्यारांनीं व जुन्या रीतीनें त्याची पूर्णाकृति प्रतिकृति सिद्ध केली आणि २००७ मध्यें तें नवें जहाज डब्लिनपर्यंत वल्हवीत व शिडावर हांकारीत नेण्यांत आलें. पुस्तकांतून जें कळत नाहीं, तें हातानें करून पाहिल्यानें कळतें, ह्या तत्त्वावर तेथील अभ्यास उभा आहे.

हेंच तत्त्व घरांतील मुलांसही लागू आहे. दिवाळींत मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला तट व बुरूज ह्यांचा अर्थ समजतो. त्याचप्रमाणें जहाजाची प्रतिकृति करणाऱ्यास समुद्रप्रवासाचा समजतो. गोक्स्टाडचें जहाज पन्नासपटीनें लहान केल्यास तें सुमारें ४६ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद होतें. खोलींतील टेबलावर मावेल एवढें. तळाचें लांकूड दोन्ही टोकांस सारखें वळवून घ्यावें. त्यावर तात्पुरते तीन आडवे सांचे उभे करावे, कारण लहान हातांना आधार हवा. व्हायकिंग सुतार मात्र नजरेवरच काम भागवी. मग पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या खालून वर, एकीवर एक कांठ चढवून, डाव्या व उजव्या बाजूस आळीपाळीनें चिकटवाव्या. मूळ जहाजांत प्रत्येक बाजूस १६ पट्ट्या आहेत. मुलांनीं आठ केल्या तरी पुरे. पट्ट्या सुकल्यावर सांचे काढून वांक बसवावे, बाहेरून मेणाचा हात द्यावा, आणि चौकोनी शीड जाड सुती वा लोकरी कापडाचें करावें.

काम येथें संपत नाहीं; खरी परीक्षा पुढें आहे. जहाज हौदांत सोडून त्यांत एकेक खडा टाकावा आणि तें किती बुडतें याची खूण करीत जावी. थोड्या पाण्यांतही तें कसें तरतें हें दिसलें, म्हणजे नदींतून पॅरिसपर्यंत जाणें कसें साधलें याचें कोडें सुटतें. अशा वेळीं एका बाजूची पट्टी कमी पडली, तर जहाज कलंडतें. आणि मोजमापाचें महत्त्व शिक्षकाच्या शब्दांवांचून मनावर ठसतें.

प्रतिकृतीवर माणसें बसवितांना मात्र वडील मंडळींनीं एक काळजी घ्यावी. शिरस्त्राणांवर बैलाचीं शिंगें लावूं नयेत. तशीं शिरस्त्राणें व्हायकिंग योद्धे घालीत असल्याचा पुरावा नाहीं. तीं एकोणिसाव्या शतकांतील नाटकी वेषभूषेंतून लोकांच्या कल्पनेंत शिरलीं. त्याचप्रमाणें लूटमारीचा खेळ करतांना लुटल्या गेलेल्या मठाची व विकल्या गेलेल्या माणसांची गोष्टही मुलांच्या कानीं घालावी. जहाजाचें कौतुक करावें, पण त्यानें वाहिलेला भार लपवूं नये. इतिहास म्हणजे दोन्ही बाजूंनीं सारख्या पट्ट्या जोडणें होय.

व्हायकिंगांच्या घरांतही मुलें होतीं. नॉर्वेंतील ओर्लांड येथें एका जुन्या विहिरींत सुमारें हजार वर्षांपूर्वींची खेळण्यांतली लांकडी नौका मिळाली आहे. तिची नाळ उंच उचललेली असून मधोमध डोलकाठीसाठीं भोंक आहे. कोणीतरी ती एखाद्या मुलासाठीं कोरली, आणि तें मूल तिच्याशीं खेळलें. बखरकारांनीं त्याची नोंद केली नाहीं. तरी आज जें मूल पुठ्ठ्याची पट्टी वांकवून आपल्या जहाजाची नाळ उंचावतें, तें त्या अनाम मुलाचाच खेळ पुढें चालवीत असतें.