खोली, वही आणि आपली पत

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत धम्मावर आणि चळवळीवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्ही मात्र जरा रोकडा विषय घेतला आहे : घर आणि कर्ज. कोणी म्हणेल, विहाराच्या पुस्तकात व्याजाचा हिशेब कशाला? पण परमपूज्य बाबासाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर होते, हे आपण जयंतीच्या धामधुमीत विसरतो. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत होते. चाळीतल्या माणसाचा पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले तसे डोळ्यांनीही पाहिले होते.

आपले आजे-पणजे गाव सोडून मुंबईला आले ते गिरण्यांच्या आशेने. गिरणीत काम मिळाले, पण विणकाम खाते त्यांना बंद. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागतो, तो विटाळेल ही सबब. जास्त पगार होता तो नेमका त्याच खात्यात. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला, तो मानाचा होता तसाच पोटाचाही होता. पगार कमी आणि तोही उशिरा, म्हणून महिनाभर वाण्याची वही चालायची. आजारपण, लग्न, मयत निघाली की सावकार. रुपयामागे महिन्याला एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला शंभरावर 75 रुपये! मुद्दल तसेच राहायचे आणि माणूस संपायचा.

आता घराचे पाहू. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. त्यावरूनच बी. डी. डी. चाळी हे नाव पडले. बेत होता 50,000 खोल्यांचा. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, एक खोली सुमारे 160 चौरस फूट, संडास सगळ्यांत मिळून. सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्याच पडून होत्या. 1930 च्या सत्याग्रहात तर वरळीच्या काही चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. पुढे याच चाळींत आपली माणसे दाटीवाटीने राहिली. एकाच खोलीत दहा-दहा जण झोपले, आणि त्याच खोलीत पोरे अभ्यास करून मॅट्रिक झाली.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. खोलीने डोक्यावर छप्पर दिले, पत दिली नाही. खोली सरकारची, आपल्या हाती फक्त भाड्याची पावती. ती तारण ठेवून कोण कर्ज देणार? बँकेत गेले की पहिला प्रश्न, 'जामीनदार कोण?' दुसरा, 'तारण काय?' दोन्हीला उत्तर नाही. म्हणून पुन्हा सावकाराचे दार.

हे दुखणे बाबासाहेबांनी ओळखले होते. 1936 च्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका आणि सहकारी संस्था, तर कामगारांसाठी स्वस्त व आरोग्यदायी घरे, अशी दोन्ही कलमे होती. घर आणि कर्ज त्यांनी एकाच कागदावर मांडले होते.

पुढे दारे उघडली, पण हळूहळू. 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. 1978 साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. केंद्राच्या सवलती मात्र 1956 च्या धर्मांतरानंतर आपल्याला नाकारल्या गेल्या होत्या, त्या 1990 साली कायदा झाला तेव्हा मिळाल्या. मधली 34 वर्षे कोण भरून देणार?

त्या काळात आपल्याला तारले ते आपल्याच माणसांनी. चाळीत बायकांची भिशी चालायची. दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिचा नंबर. पण कुणाच्या घरी अडचण असली की चिठ्ठी बाजूला ठेवून, 'आधी तिला द्या गं,' असे बायाच म्हणायच्या. पुढे पतपेढ्या निघाल्या. तिथे तारण दागिन्याचे नव्हते, शेजाऱ्याच्या सहीचे होते. 1982 च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, वाण्याने वही मिटली. तेव्हा भांडी विकलेली घरे आम्ही पाहिली, आणि एकमेकांच्या डब्यावर तगलेलीही पाहिली.

आज चित्र बदलते आहे. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात 160 फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे मालकीचे घर ठरले. वरळीतील 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये मिळाल्या. शंभर वर्षांत पहिल्यांदा आपल्या हाती तारण ठेवण्याजोगी वस्तू आली. आनंद आहेच, पण धोकाही इथेच आहे. ज्याच्याकडे काही नव्हते, त्याला बँक दारात उभी करत नव्हती. आता घर पाहून कर्ज देणारे आपल्या दारात उभे राहतील. फोनवर दोन मिनिटांत कर्ज मिळते, आणि व्याज त्या जुन्या आण्याची आठवण करून देते. लिफ्टचा, पाण्याचा, देखभालीचा खर्च दर महिन्याला येणारच. हप्ते थकले, तर तीन पिढ्यांनी धरून ठेवलेली जागा कागदावरच्या एका सहीने जाईल.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. उंच इमारतीत गेल्यावर भिशी आणि पतपेढी चाळीतच सोडून जाऊ नका. लग्नासाठी घर तारण ठेवू नका. शिक्षणासाठी, धंद्यासाठी कर्ज घ्या, पण कागद वाचून आणि घरातल्या बाईला विचारून घ्या. घरावर तिचेही नाव लावा. आणि महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर अर्धा तास, विहारात बचतीची वही उघडा.

पूर्वी त्या वहीत आपली उधारी दुसरा लिहीत होता. आता आपली बचत आपल्या हाताने लिहू या.

जयभीम!